प्रकाश, डिंक आणि कापूस: झाडांच्या पॉलिमरवर नक्षी उठते तरी कशी?

‘आता झाडापासून बनणार मोबाइल!’ अशा मथळ्याची बातमी दर काही महिन्यांनी कुठून ना कुठून फॉरवर्ड होऊन येते. सोबत हिरव्यागार पानावर चिप ठेवलेला फोटो असतोच. मला अशा लिंक पाठवणारे मित्र बरेच आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: “खरंय का रे हे?”

हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्या बातमीत एक गोष्ट खरी असते आणि एक फुगवलेली. खरी गोष्ट अशी की कापूस, लाकूड, डिंक यांच्यातल्या पॉलिमरची केसाच्या हजाराव्या भागाइतकी पातळ फिल्म बनवता येते आणि तिच्यावर प्रकाशाने बारीक नक्षी उठवता येते. फुगवलेली गोष्ट अशी की एवढं झालं म्हणजे फोन झाडाचा झाला. आज आपण पहिली गोष्ट मुळापासून समजून घेऊ. ती कळली की दुसरीत हवा कुठे भरली आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

प्रकाश चित्र काढत नाही

इंजिनिअरिंगला असताना चिप कशी बनते हा आम्हाला सहा मार्कांचा प्रश्न होता. ऑक्सिडेशन, लिथोग्राफी, एचिंग, अशी पाठ केलेली माळ ओतायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. त्या माळेतला लिथोग्राफी हा मणी खरं तर सगळ्यात भारी आहे, आणि तो समजायला गणित अजिबात लागत नाही.

सिलिकॉनची गुळगुळीत चकती घ्या. तिला वेफर म्हणतात. तिच्यावर एका खास पॉलिमरच्या द्रावणाचे थेंब टाकायचे आणि चकती मिनिटाला काही हजार फेरे या वेगाने गरगर फिरवायची. जास्तीचं द्रावण कडेने उडून जातं, द्रावक वाळतो आणि मागे एकसारखी पातळ फिल्म उरते. या पॉलिमरचं नाव फोटोरेझिस्ट. मग मध्ये मास्क धरून, म्हणजे नक्षीचा छाप धरून, प्रकाश सोडायचा. काही ठिकाणी प्रकाश पडतो, काही ठिकाणी सावली. या क्षणी डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. बदल झालेला असतो तो रेणूंमध्ये: प्रकाश पडलेल्या जागेची विरघळण्याची तऱ्हा बदललेली असते.

आता चकती एका द्रावणात बुडवायची. जो भाग विरघळू शकतो तो वाहून जातो, जो विरघळू शकत नाही तो चिकटून राहतो. नक्षी इथे दिसायला लागते. या द्रावणाला डेव्हलपर म्हणतात. (आमच्या ऑफिसात डेव्हलपर म्हणजे मी. इथला डेव्हलपर पगारही मागत नाही आणि सांगितलेलं काम मिनिटभरात करतो.) प्रकाश पडलेला भाग धुऊन जात असेल तर रेझिस्ट पॉझिटिव्ह, आणि तोच टिकून राहत असेल तर निगेटिव्ह.

म्हणजे प्रकाश इथे पेन्सिल नाही. काय विरघळेल आणि काय विरघळणार नाही एवढंच तो ठरवतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा खेळ त्याच्याभोवती फिरणार आहे.

जाता जाता, चिपच्या कारखान्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील तर तिथल्या काही खोल्यांमध्ये सगळं हळदी रंगाचं दिसतं. तो कॅमेऱ्याचा फिल्टर नव्हे. रेझिस्ट जांभळ्या, निळ्या आणि अतिनील प्रकाशाला चटकन प्रतिसाद देतो, पिवळ्याला देत नाही. म्हणून माणसांना दिसेल पण रेझिस्टला कळणार नाही असा पिवळा उजेड तिथे लावलेला असतो.

सुरुवात डिंकापासून

लिथो म्हणजे ग्रीकमध्ये दगड. लिथोग्राफी म्हणजे आपल्याकडची शिळाछाप. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून मराठी पुस्तकं अशी शिळेवरून छापून निघत. त्या शिळेवर जिथे शाई नको असेल तिथे डिंकाचं पाणी लावायचे. डिंकाचा पातळ थर पाणी धरून ठेवतो आणि तेलकट शाईला जवळ येऊ देत नाही. वनस्पतीच्या पॉलिमरची पातळ फिल्म छपाईसाठी वापरणं इतकं जुनं आहे. फक्त तेव्हा नक्षी हाताने काढावी लागायची, प्रकाशाचा त्यात भाग नव्हता.

प्रकाश आला तो एका वेगळ्याच वाटेने. मुंगो पाँटन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाला १८३९ मध्ये आढळलं की पोटॅशियम डायक्रोमेट लावलेला कागद उन्हात रंग बदलतो. पुढे १८५५ मध्ये फ्रान्सच्या अल्फोन्स पॉइतव्हँने हे रसायन डिंक, जिलेटिन अशा पदार्थांत मिसळून छपाईचं पेटंट घेतलं. कृती ऐका: बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक पाण्यात विरघळवा, त्यात रंगाची पूड आणि डायक्रोमेट घाला, कागदावर पातळ थर द्या, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरा आणि मग कागद साध्या पाण्यात सोडा. सावलीतला डिंक पाण्यात निघून जातो. उन्हातला कागदाला धरून राहतो, आणि त्याच्यासोबत रंगही.

असं का होतं? डिंक म्हणजे साखरेच्या निरनिराळ्या रेणूंची फांद्या फुटलेली लांबलचक साखळी. साखळ्या सुट्या असल्या की पाणी त्यांच्यात शिरतं आणि त्यांना वाहून नेतं. प्रकाशामुळे डायक्रोमेटमधल्या क्रोमियमचं रूप बदलतं, आणि हे नवं रूप शेजारशेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं. सुटे दोर आणि विणलेलं जाळं यांत जो फरक तोच इथे. जाळं पाण्याने फुगेल, पण वाहून जाणार नाही.

म्हणजे ट्रान्झिस्टरचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा लोक झाडाच्या पॉलिमरवर प्रकाशाने नक्षी उठवत होते. निगेटिव्ह रेझिस्टच तो! १८९० च्या दशकात रोबेर दमाशीसारख्या फ्रेंच छायाचित्रकारांनी या डिंकछपाईला पुन्हा फॅशनमध्ये आणलं, आणि आजही हौशी मंडळी ती करतात.

डायक्रोमेटच्या याच युक्तीचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या सर्वेक्षण खात्याने फोटोझिंकोग्राफी नावाची पद्धत पुढे आणली: प्रकाशाने उठवलेली नक्षी जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची आणि तिच्यावरून नकाशे छापायचे. त्या काळातल्या अनेक नकाशांच्या तळाशी पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्याचं नाव आहे, आणि शासकीय फोटोझिंको मुद्रणालय या नावात तो शब्द अजूनही जिवंत आहे. त्या पद्धतीत मुख्यतः जिलेटिन लागायचं, आणि जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी. त्यामुळे ती आपल्या शाकाहारी कहाणीतली चुलत शाखा समजा.

इथे थांबून एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. डिंकछपाईची कृती व्हिडिओंत सहज सापडते आणि नारिंगी रंगाची ती पूड दिसते निरुपद्रवी. डायक्रोमेटमधलं क्रोमियम सहा-संयुजी असतं. ते कॅन्सरकारक आहे, त्वचेवर जखमा करतं आणि मोरीत ओतलं तर पाणी दूषित करतं. हा प्रयोग घरी करायचा नाही. बघा, डिंक लाडवात घालून खाण्याइतका सात्त्विक, पण त्याला प्रकाशाची भाषा शिकवणारं रसायन विषारी. ही जोडी या विषयात पुन्हा पुन्हा भेटते.

दालचिनीचा नातेवाईक

विसाव्या शतकात कोडॅक कंपनीत लुई मिन्स्क आणि सहकाऱ्यांनी क्रोमियमशिवाय चालणारं पॉलिमर शोधलं. त्यांनी पॉलिमरच्या साखळीला सिनॅमिक आम्लाचे गट लावले. दालचिनीच्या वासाचा जो मुख्य रेणू, त्याचं हे सख्खं भावंड. या गटात एक दुहेरी बंध असतो. अतिनील प्रकाश पडला की शेजारच्या दोन साखळ्यांवरचे दोन दुहेरी बंध उघडतात आणि एकमेकांचा हात धरून चौकोनी कडं तयार करतात. साखळ्या बांधल्या गेल्या, विरघळणं संपलं. युक्ती डिंकाचीच, पण बांधणारा दोर आता साखळीवरच बसवलेला.

१९५० च्या दशकात हा पदार्थ ‘कोडॅक फोटो रेझिस्ट’ म्हणून बाजारात आला. १९५७ च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत जे लेथ्रॉप आणि जेम्स नॉल यांनी असाच रेझिस्ट आणि चक्क उलटा फिरवलेला मायक्रोस्कोप वापरून जर्मेनियमवर बारीक नक्षी उतरवली. मायक्रोस्कोप बारीक गोष्ट मोठी दाखवतो. उलटा लावला तर मोठी नक्षी बारीक करून खाली उतरवतो. मला ही कल्पना कोणत्याही महागड्या मशीनपेक्षा जास्त आवडते.

सिनॅमेटची गोष्ट फोनपर्यंतही येते. एलसीडी स्क्रीनमध्ये द्रव स्फटिकांचे रेणू ठरावीक दिशेने ओळीत उभे करावे लागतात. पूर्वी त्यासाठी पॉलिमरच्या थरावर मखमलीसारखं कापड एका दिशेने घासत. १९९२ मध्ये स्वित्झर्लंडच्या मार्टिन शाड्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिनॅमेटच्या फिल्मवर ध्रुवीकृत प्रकाश टाकला, म्हणजे एकाच प्रतलात थरथरणारा प्रकाश, तर घासायची गरजच नाही. प्रकाशाच्या दिशेनुसार बंध जुळतात आणि द्रव स्फटिक त्यांच्या चालीने रांगेत उभे राहतात.

आणि त्याच स्क्रीनच्या पोलरायझरमध्ये बहुतेक वेळा ट्रायअ‍ॅसिटाइल सेल्युलोजची पारदर्शक फिल्म असते. ती बनते लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीवरच्या आखूड तंतूंपासून. म्हणजे ‘झाडापासून बनणार मोबाइल’ ही बातमी ज्या स्क्रीनवर तुम्ही वाचता, तिच्यात झाड बहुधा आधीच बसलेलं असतं. कुणी सांगितलं नाही एवढंच.

कापूस हट्टी आहे

आता मूळ मुद्द्यावर येऊ: सेल्युलोज. पृथ्वीवर सगळ्यात मुबलक असलेलं नैसर्गिक पॉलिमर. कापसात ते सुमारे नव्वद टक्के असतं, लाकडात चाळीस ते पन्नास. इतकं स्वस्त आणि भरपूर आहे, तर चिपच्या कामाला सरळ का लावत नाहीत?

घरातलंच उदाहरण घेऊ. आजी सुती साडीला खळ घालायची ते आठवतं का? तांदळाचं पीठ पाण्यात शिजवून पातळ केलं की झाली खळ. साडी तीत बुडवून वाळवली की प्रत्येक धाग्यावर स्टार्चची पातळ फिल्म बसते आणि साडी कडक होते. पुन्हा धुतली की खळ निघून जाते, साडी मात्र तशीच. आता गंमत बघा. खळ म्हणजे स्टार्च, साडी म्हणजे सेल्युलोज, आणि दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत. फरक फक्त एक ग्लुकोज दुसऱ्याला कोणत्या कोनात जोडलाय याचा. त्या कोनामुळे स्टार्चची साखळी वळते, गुंडाळते, गरम पाण्याला आत येऊ देते. सेल्युलोजची साखळी सरळ पट्टीसारखी राहते. अशा सरळ पट्ट्या एकमेकींना खेटून बसतात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंधांची दाट शिवण पडते. पाणी येतं, धाग्याला भिजवतं, फुगवतं, पण शिवण उसवू शकत नाही. नाहीतर प्रत्येक पावसात आपले कपडे वाहून गेले असते.

कपड्यांसाठी हे वरदान, फिल्म बनवणाऱ्यासाठी डोकेदुखी. जे विरघळतच नाही त्याचे थेंब वेफरवर टाकणार कसे? आणि आपण वर काय म्हटलं होतं? प्रकाश फक्त विरघळण्यातला फरक ठरवतो. जे कशातच विरघळत नाही तिथे फरक आणणार कुठून?

यावर रसायनशास्त्रज्ञांचा तोडगा असा: सेल्युलोजला काही काळ सेल्युलोज राहू द्यायचंच नाही.

हायड्रोजन बंध पडतात ते साखळीवरच्या हायड्रॉक्सिल गटांमुळे. या गटांवर ट्रायमिथाइलसिलिल नावाच्या जाडजूड टोप्या चढवायच्या. यात सिलिकॉनचा अणू असतो आणि त्याला तीन मिथाइल गट लटकलेले असतात. टोपी चढली की बंध पडायला जागाच उरत नाही, पट्ट्या एकमेकींपासून दूर होतात, आणि हा ट्रायमिथाइलसिलिल सेल्युलोज टोल्युईनसारख्या द्रावकात छान विरघळतो. मग थेंब टाका, चकती फिरवा, फिल्म तयार.

पुढचा भाग मला फार आवडतो. ही फिल्म हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेत काही मिनिटं ठेवली की टोप्या गळून उडून जातात आणि मागे पुन्हा शुद्ध सेल्युलोज उरतं. टोप्यांनी अडवलेली जागा रिकामी झाल्यामुळे फिल्मची जाडीही बरीच कमी होते. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर पाठवताना फाइल वेगळ्या रूपात बांधली आणि पोहोचल्यावर मूळ रूपात उघडली.

बदल झाला की नाही हे पाण्याचा एक थेंब सांगतो. टोप्यांच्या फिल्मवर थेंब अळवावरच्या पाण्यासारखा गोल उभा राहतो. टोप्या गळलेल्या फिल्मवर तोच थेंब पसरतो.

एक आम्ल, शेकडो टोप्या

आता प्रकाश आणायचा. टोप्या आम्लाने गळतात हे कळलं. मग आम्लाची वाफ सगळ्या फिल्मवर सोडण्याऐवजी जिथे प्रकाश पडेल तिथेच आम्ल तयार झालं तर? असे रेणू खरंच आहेत. त्यांना फोटोअ‍ॅसिड जनरेटर म्हणतात. अंधारात गप्प बसतात, अतिनील प्रकाश पडला की तुटून तीव्र आम्ल सोडतात.

ही कल्पना चिपच्या जगातून आली. १९८० च्या आसपास आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत हिरोशी इतो, ग्रँट विल्सन आणि जाँ फ्रेशे यांनी ती प्रत्यक्षात आणली. तेव्हा अडचण वेगळी होती. नक्षी बारीक करायची तर प्रकाशाची तरंगलांबी कमी हवी, आणि त्या तरंगलांबीचा प्रकाश देणारे दिवे मिणमिणते. एका फोटॉनने एकच बदल झाला असता तर एका चकतीला फार वेळ लागला असता. या तिघांच्या पद्धतीत फोटॉन फक्त आम्लाचा रेणू जन्माला घालतो. मग चकती थोडी गरम केली की तो रेणू एक टोपी पाडतो, स्वतः खर्च होत नाही, पुढे सरकतो, दुसरी पाडतो, अशा शेकडो. आजच्या फोनमधल्या प्रोसेसरच्या मागे याच तत्त्वाचे रेझिस्ट आहेत.

ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी हीच जोडी सेल्युलोजवर लावली. त्यांचं काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. टोप्या घातलेल्या सेल्युलोजमध्ये फोटोअ‍ॅसिड जनरेटर मिसळायचा, फिल्म बनवायची, मास्कमधून प्रकाश टाकायचा. प्रकाश पडला तिथे सेल्युलोज परत आलं, सावलीत टोप्या तशाच राहिल्या. आता एकाच फिल्मवर दोन स्वभावाच्या जागा आहेत, आणि तुम्ही डेव्हलपर कोणता निवडता त्यावर निकाल ठरतो. सेंद्रिय द्रावकाने धुतलं तर टोप्यांचा भाग जातो, सेल्युलोज उरतं. म्हणजे निगेटिव्ह.

आणि उलट हवं असेल तर? सेल्युलोज कुठल्या साध्या द्रावकात विरघळत नाही हे आपण पाहिलं. पण निसर्गात ते खाणारे आहेत. बुरशी आणि जिवाणू सेल्युलेज नावाचं एन्झाइम सोडतात, जे सेल्युलोजच्या साखळ्या कापतं. टोप्या घातलेली साखळी त्याला ओळखू येत नाही. मग फिल्म या एन्झाइमच्या पाण्यात ठेवायची. ते प्रकाश पडलेला भाग खाऊन टाकतं आणि सावलीतला सोडून देतं. पॉझिटिव्ह! लाकूड कुजवणाऱ्या यंत्रणेला डेव्हलपरच्या नोकरीवर ठेवणं यापेक्षा भन्नाट काही मी या विषयात वाचलेलं नाही.

मग फोन झाडाचा होणार का?

इथे बातमीवाल्यांशी माझं जमत नाही. ‘वनस्पतीपासून बनलेली फिल्म’ या शब्दांतून लगेच ‘पर्यावरणपूरक’ असा अर्थ काढला जातो. वर काय काय लागलं ते आठवा. टोल्युईन हा काही तुळशीचा काढा नाही. टोप्या चढवणारी रसायनं कारखान्यात बनतात. फोटोअ‍ॅसिड जनरेटरमध्ये बऱ्याचदा फ्लोरिनची संयुगं असतात, आणि त्यांतली काही निसर्गात वर्षानुवर्षं विघटन न होणाऱ्या रसायनांच्या कुटुंबातली म्हणून चर्चेत आहेत. कच्चा माल कुठून आला एवढंच बघून हिरवा शिक्का मारायचा असेल तर डायक्रोमेटवाली डिंकछपाई सगळ्यात हिरवी ठरेल.

दुसरं म्हणजे, फोनच्या प्रोसेसरमध्ये रेझिस्ट राहतच नाही. त्याचं काम सिलिकॉनवर नक्षी उतरेपर्यंत. मग तो काढून टाकतात, पुन्हा नवा थर, पुन्हा नवी नक्षी, असं कितीतरी वेळा. उद्या तो रेझिस्ट सेल्युलोजचा झाला तरी तुमच्या हातातल्या फोनमध्ये त्याचा कणही नसेल. शिवाय आजच्या सगळ्यात पुढच्या चिपसाठी १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात, आणि सेल्युलोजवरची ही नक्षी मायक्रोमीटरच्या पट्टीतली आहे, म्हणजे शेकडो पट ढोबळ. सेल्युलोज प्रोसेसरची जागा घेणार असं कुणी सांगत असेल तर दुर्लक्ष करा. चिप बनताना काही टप्प्यांवर हजार अंशांच्या आसपास तापमान लागतं. तिथे कापसाचा कोळसाच होईल.

मग उपयोग कुठे? जिथे फिल्म धुऊन टाकायची नाही, तीच वस्तू आहे, तिथे. ऑस्ट्रियातल्या त्याच संशोधकांनी नक्षीदार सेल्युलोज लवचिक, सेंद्रिय ट्रान्झिस्टरमध्ये विद्युतरोधक थर म्हणून वापरलं. दुसरी मोठी आशा बायोसेन्सरची. टोप्या असलेल्या भागाला प्रथिनं सहज चिकटतात, सेल्युलोजला फारशी चिकटत नाहीत. म्हणजे एका काचपट्टीवर प्रकाशाने ठरवता येतं की तपासणीची प्रथिनं नेमकी कुठे बसतील. रक्ताच्या एका थेंबात चार गोष्टी शोधणारी स्वस्त पट्टी बनवायची तर अशी जागावाटणी लागतेच, आणि तिला मायक्रोमीटरची नक्षी पुरते.

एक अडचण मात्र सेल्युलोजच्या हाडातच आहे. पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकतं ना, तीच. ते हवेतलं पाणी पितं, फुगतं, आणि त्याचे विद्युत गुणधर्म बदलतात. रत्नागिरीच्या जुलैत आणि नागपूरच्या मे महिन्यात एकच ट्रान्झिस्टर वेगळं वागू लागला तर त्याचं करायचं काय? अर्थात आर्द्रता मोजणारा सेन्सर बनवायचा असेल तर हाच दोष कामाला येतो.

आणि पानावरच्या चिपचा तो फोटो? तशा फोटोंमागे खरं कामही असतं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात झेनच्यांग मा यांच्या गटाने लाकडातल्या सेल्युलोजच्या नॅनोतंतूंची पारदर्शक फिल्म चिपचा पाया म्हणून वापरली. तो पाया बुरशीने कुजतो हेही दाखवलं. पण त्यावर बसवलेला इवलासा अर्धवाहक गॅलियम आर्सेनाइडसारखाच होता, झाडाचा नव्हता. त्यांचा मुद्दा असा की चिपमधला बहुतेक माल हा नुसता आधार असतो. तो कुजणारा केला तर मौल्यवान आणि विषारी पदार्थ फार थोडे लागतील. हा दावा मला पटतो, कारण त्यात कोणता भाग बदलला आणि कोणता नाही हे स्वच्छ सांगितलंय. पुढची लिंक आली की तेवढंच शोधा: झाडाचा आहे तो पाया, मधला थर, की काम झाल्यावर धुतला जाणारा रेझिस्ट?

घरी करायचंच असेल तर हळद घ्या

डायक्रोमेट नको म्हटलं, पण प्रकाशाने नक्षी उठवून बघायची हौस असेल तर एक सुरक्षित प्रयोग आहे. यात पॉलिमर बदलत नाही, कागदातल्या सेल्युलोजवर बसलेला हळदीचा रंग बदलतो. पायऱ्या मात्र त्याच: थर, मास्क, प्रकाश, डेव्हलपर.

दोन चमचे हळद थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा आणि फडक्याने गाळून घ्या. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे गॅसपासून आणि उदबत्तीपासून लांब बसा आणि खिडकी उघडी ठेवा. हा पिवळाधमक रस जाड ड्रॉइंग पेपरवर ब्रशने लावा आणि कागद सावलीत वाळवा. त्यावर एखादं नक्षीदार पान ठेवा, शेवग्याची डहाळी मस्त उठते. वर काच दाबून कडक उन्हात ठेवा. काही तासांत उघडा भाग फिका पडलेला दिसेल, कारण हळदीतलं कर्क्युमिन उन्हात तुटतं. आता पान काढा आणि खाण्याचा सोडा पाण्यात घोळून ब्रशने फिरवा. पानाच्या सावलीत जिथे कर्क्युमिन शाबूत आहे तिथला पिवळा लालसर होईल, फिका भाग फिकाच राहील. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, तेच हे रसायन. सोड्याने फारसा लाल झाला नाही तर पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घाला, पण मग हातमोजे घाला.

हे चित्र पक्कं करायची सोय नाही. भिंतीवर लावलं तर उरलेली हळदही काही दिवसांत उडेल. एखाद्या जाड वहीत मिटून ठेवा आणि फोटो काढायचा असेल तर लाल रंग ताजा असतानाच काढा.